गुरुजनांमध्ये बसलेला मुलगा

शास्त्रपाठ : लूक २:४१–५२ ; १ पेत्र ३:१५



वल्हांडण सण आटोपून नासरेथकरांचा जथा परत निघाला. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर मरीया व योसेफ यांच्या ध्यानात आले की, बारा वर्षांचा येशू बरोबर नाही. नातलगांत शोधले, ओळखीच्यांत शोधले. तो सापडला नाही. मग ती उलट पावली यरुशलेमास आली. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला. गुरुजनांच्या मध्ये तो बसला होता.

हा पाठ आपण शब्बाथ शाळेत कितीदा तरी शिकवला आहे. भिंतीवरच्या चित्रात बालयेशू बहुधा हात उंचावून शिकवताना दाखवलेला असतो आणि पांढऱ्या दाढीचे शास्त्री थक्क होऊन ऐकत असतात. परंतु लूक काय लिहितो ते पुन्हा एकदा सावकाश वाचावे. तो बसला होता, हे लूक प्रथम सांगतो. मग तो ऐकत होता असे सांगतो. मग प्रश्न विचारत होता असे सांगतो. त्याच्या उत्तरांचा उल्लेख पुढच्या वचनात येतो. बसणे, ऐकणे, विचारणे आणि मग उत्तर देणे, हा क्रम लूकने ठेवला आहे. आपण मात्र पुष्कळदा शेवटच्या पायरीवर प्रथम उडी मारतो.

त्या तीन दिवसांत आईबापांच्या जिवाची काय तगमग झाली असेल! पोर हरवले, ही त्यांची भीती होती. ही भीती आपल्या मंडळ्यांना नवी नाही. बेळगाव असो, बडोदे असो, इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबाद असो, आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपासून परभाषिकांत व अन्यधर्मीयांत राहत आली आहेत. आपल्या मुलामुलींच्या कॉलेजात एका बाकावर लिंगायत, दुसऱ्यावर मुसलमान, तिसऱ्यावर जैन मित्र बसतो. कित्येकांची मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी गेली आहेत, आणि तेथे त्यांच्या खोलीत कोणी यहूदी, कोणी बौद्ध सोबती राहतो. ह्या सोबत्यांबरोबर ती धर्माविषयी बोलू लागली की घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात पाल चुकचुकते : आपले पोर हरवणार तर नाही ना?

ही काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. ती प्रीतीतून आलेली आहे. परंतु ज्याला शोधत मरीया व योसेफ तीन दिवस हिंडले तो हरवलेला नव्हता. आपल्या पित्याच्या घरात आपल्याला असलेच पाहिजे, हे तो जाणून होता. ज्याला आपला पिता ठाऊक आहे तो गुरुजनांत बसला म्हणून हरवत नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. मंदिरातले ते गुरुजन येशूच्याच धर्माचे होते. ह्या वचनाला त्याच्या अर्थापलीकडे ताणून चालणार नाही. कुंपणापलीकडच्या माणसाशी प्रभू कसा बोलला हे पाहावयाचे तर योहानाच्या चौथ्या अध्यायात, याकोबाच्या विहिरीवर गेले पाहिजे. तेथे त्याने शोमरोनी स्त्रीपाशी प्रथम पाणी मागितले. देणारा तोच होता, तरी प्रथम त्याने मागितले. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात पेत्र कर्नेल्याच्या उंबरठ्याच्या आत गेला. तेथे सुवार्ता सांगण्यापूर्वी, तुम्ही मला का बोलावले, हे त्याने विचारून घेतले व कर्नेल्याचे सगळे ऐकून घेतले. मंदिरात बाराव्या वर्षी दिसलेली रीतच येथे पुढे चाललेली दिसते.

ही रीत आमच्या देशात नवी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले, तरी तुकोबांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे प्रसिद्धच आहे. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा ठेवली. १९०७ साली भारतात आलेले मिशनरी डॉ. ई. स्टॅन्ली जोन्स यांनी गोलमेज बैठकी भरविल्या. तेथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती व इतर एकत्र बसत. कोणी वाद घालावयाचा नाही, कोणी दुसऱ्यावर प्रवचन झाडावयाचे नाही. आपल्या धर्माने आपल्या जीवनात प्रत्यक्ष काय केले एवढेच प्रत्येकाने सांगावयाचे, असा तेथला नियम होता. ह्या अनुभवावर त्यांनी १९२८ साली पुस्तकही लिहिले.

पुढे ख्रिस्ती मंडळ्यांच्या जागतिक परिषदेने हे काम हाती घेतले. १९७० साली लेबनॉनमधील अजलतून येथे तिच्या वतीने हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती व मुसलमान एकत्र बसले. १९७१ साली परिषदेने अन्यधर्मीयांशी संवादासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला आणि त्याचे पहिले संचालक झाले डॉ. स्टॅन्ली समर्था, आपल्या शेजारच्या कर्नाटकातले. १९७९ साली परिषदेने संवादाविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतला एक विचार आम्हांस फार मोलाचा वाटतो. त्या सूत्रांनी संवादाचा संबंध नवव्या आज्ञेशी जोडला आहे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा शब्बाथ शाळेतल्या लहान पोरांनाही पाठ असते. पण शेजारी काय मानतो हे त्याच्या तोंडून कधी न ऐकता आपण त्याच्या धर्माविषयी बोलतो, तेव्हा ती खोटी साक्ष नव्हे काय? आपला विश्वास काय आहे हे शेजाऱ्याला त्याच्याच शब्दांत सांगू देणे हे त्या आज्ञेचे पालन आहे.

आता दूरदेशीची दोन उदाहरणे पाहू. दोन्ही तरुणांची आहेत.

पहिले आफ्रिकेतले. नायजेरिया देशाच्या उत्तर भागात कडुना नावाचे राज्य आहे. तेथे मुसलमान व ख्रिस्ती दोघेही मोठ्या संख्येने राहतात. १९९२ साली तेथल्या झांगोन कताफ ह्या गावी बाजाराची जागा हलविण्यावरून तंटा पेटला. बघता बघता त्याला धर्माचा रंग चढला आणि मे महिन्यात दंगल कडुना शहरापर्यंत पोहोचली. त्या शहरात जेम्स वूये नावाचा ख्रिस्ती तरुण आपल्या लोकांच्या लढाऊ जथ्यात पुढारी होता. मुहम्मद अशाफा हा मुसलमान तरुण दुसऱ्या बाजूच्या जथ्यात पुढारी होता. लढाईत जेम्सचा उजवा हात तुटला. मुहम्मदचे वृद्ध धर्मगुरू व दोन भाऊबंद मारले गेले. दोघांनाही सूड हवा होता, आणि दोघेही देवाचे नाव घेत होते.

१९९५ साली सरकारी कचेरीत मुलांच्या लसीकरणासंबंधी एक सभा होती. तेथे एका पत्रकाराने दोघांचे हात एकमेकांच्या हातात दिले व म्हटले की, हे राज्य सांधणे तुम्हां दोघांच्या हाती आहे. पण हात हातात दिल्याने मन मनाला मिळते असे नाही. मुहम्मदचे मन आधी वळले. मशिदीत शुक्रवारच्या प्रवचनात त्याने क्षमेचा विषय ऐकला. ताईफ नगरात दगडांचा मार खाऊनही पैगंबरांनी तेथल्या लोकांना क्षमा केली, ती कथा इमामाने सांगितली होती. त्यानंतर तो जेम्सकडे जाऊ-येऊ लागला. जेम्सची आई आजारी पडली तेव्हा तो काही मुसलमान सोबत्यांसह दवाखान्यात तिच्या समाचारास गेला. जेम्सच्या मनात मात्र विष होते. दोघे बरोबर प्रवास करू लागले, एका खोलीत निजू लागले, तेव्हा झोपेत ह्याच्या तोंडावर उशी दाबावी असा विचार आपल्या मनात येई, हे जेम्सने पुढे स्वतः जगासमोर सांगितले आहे. शेवटी एका ख्रिस्ती उपदेशकाने त्याला सुनावले की, मनात द्वेष ठेवून ख्रिस्ताची घोषणा करता येत नाही. ते वाक्य त्याच्या काळजात रुतले.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबू या. एकाला मशिदीतल्या प्रवचनाने वळवले, दुसऱ्याला ख्रिस्ती उपदेशकाच्या शब्दाने. आपापल्या धर्मात खोल उतरल्यावर त्यांना एकमेकांकडे जाण्याची वाट सापडली. धर्म पातळ केला म्हणजे सलोखा होतो असे पुष्कळांना वाटते, पण ह्या दोघांचा अनुभव निराळा आहे. जेम्स आज पाळक आहे, मुहम्मद इमाम आहे. दोघांचा विश्वास कट्टर म्हणावा असा आहे आणि त्यांच्यातला मतभेद ते लपवीत नाहीत. तरीही त्यांनी मिळून १९९५ साली तरुणांसाठी मुसलमान-ख्रिस्ती संवादमंच काढला आणि त्यातून कडुना येथील आंतरधर्मीय मध्यस्थी केंद्र उभे राहिले. जे तरुण कालपर्यंत परस्परांविरुद्ध जथ्यांत उभे होते त्यांनाच ह्या केंद्राने शिकवले, आणि त्यांतून शांतीचे कार्यकर्ते तयार केले. २००४ साली येल्वा गावी भयंकर हत्याकांडे झाली, तेव्हा दोन्ही बाजूंना एकत्र बसवण्यास हेच दोघे गेले. २००६ साली त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला आणि अनेक देशांत दाखवला गेला. केनिया देशात २००७ च्या निवडणुकीनंतर कत्तली झाल्या, तेथेही हे दोघे गेले, आणि शेजारी शेजाऱ्यांपुढे बसले.

मग कडुनात शांती नांदू लागली काय? तसे नाही. तेथे २००० साली फार मोठी दंगल झाली. २००२ साली दोन्ही धर्मांच्या पुढाऱ्यांनी शांतीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा दंगल होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली. २०११ च्या निवडणुकीनंतरही रक्त सांडले. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण संवाद ही जादूची कांडी आहे असा समज कोणी करून घेऊ नये. शेतकरी पेरतो ते पाऊस हातात आहे म्हणून पेरत नाही. दंगल झाल्यावर प्रत्येक वेळी ते दोघे पुन्हा निघाले, ह्यात त्यांचा विश्वास दिसतो. शांती करणाऱ्यांस प्रभूने धन्य म्हटले आहे. शांती झालेली पाहिल्यावर ते धन्य होतील, असे त्याने म्हटले नाही.

दुसरे उदाहरण अमेरिकेतले, पण त्याचे मूळ आपल्याकडचे. ईबू पटेल हा भारतीय वंशाचा इस्माइली मुसलमान तरुण शिकागो शहराजवळ वाढला. शाळेत त्याचा एक यहूदी मित्र होता. काही टवाळ मुले यहूद्यांविषयी घाणेरडे लिहू लागली, बोलू लागली. ईबूने मित्राची बाजू घेतली नाही. त्याने मान खाली घातली व दुसरीकडे पाहिले. काही वर्षांनी त्या मित्राने त्याला सांगितले की, त्या दिवसांत आपल्याला शाळेत यावयाची भीती वाटे आणि आपले जवळचे मित्र गप्प बसलेले पाहून फार एकटे वाटे. ते ऐकून ईबू मनातून खचला. ही लाज त्याने आपल्या लिखाणात उघडपणे मांडली आहे. दुसरी एक आठवण त्याने लिहिली आहे ती मुंबईची. तो आजीकडे आला असता घरात एक अनोळखी बाई राहत होती. घरच्या छळातून सुटून आलेल्या स्त्रियांना त्याची आजी वर्षानुवर्षे आसरा देत आली होती. असे का, म्हणून त्याने विचारले, तेव्हा आपण मुसलमान आहोत आणि मुसलमानाने हेच करावयाचे असते, असे तिने सांगितले. आपला धर्म म्हणजे काय, हे त्याला तेथे उमगले.

२००२ साली त्याने शिकागोत तरुणांची एक आंतरधर्मीय संस्था काढली. कॉलेजा-कॉलेजांतून तिचे काम पसरले. तिची पद्धत साधी आहे. निरनिराळ्या धर्मांच्या तरुणांनी आधी मिळून एखादे सेवेचे काम करावयाचे : भुकेल्यांना जेवण, बेघरांसाठी घर. मग एकत्र बसून, सेवा करण्यास आपला धर्म आपल्याला काय शिकवतो ते प्रत्येकाने सांगावयाचे. कोणाचा धर्म श्रेष्ठ हा प्रश्न तेथे निघत नाही. आजी भुकेल्याला काय म्हणून वाढते, हा प्रश्न निघतो, आणि त्याचे उत्तर देताना प्रत्येकाला आपल्या शास्त्राकडे जावे लागते.

आता काही बंधू विचारतील : हे सर्व ठीक, पण मग सुवार्तेचे काय? सर्व जगात जा, ही प्रभूची आज्ञा आपण गुंडाळून ठेवावयाची काय? आमचे उत्तर आहे : मुळीच नाही. पेत्राने आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे की, आपल्या ठायी असलेल्या आशेविषयी कोणी विचारपूस केली तर उत्तर देण्यास आपण सदा सिद्ध असावे, आणि ते सौम्यतेने व आदराने द्यावे. ह्या एका वचनात तीन गोष्टी आहेत. पहिली, आपल्या ठायी आशा असली पाहिजे. ज्याच्यापाशी काही नाही तो काय सांगणार? दुसरी, कोणाला तरी विचारावेसे वाटले पाहिजे. आपण शेजाऱ्यापासून चार हात दूर राहिलो तर तो विचारील कसा? तिसरी, उत्तराची रीत. सौम्यता सोडून दिलेली साक्ष खरी असली तरी ती ख्रिस्ताची वाटत नाही. शेजाऱ्याला फसवून, लोभ दाखवून वा त्याच्या धर्माची निंदा करून जे केले जाते त्याला सुवार्ता म्हणू नये. आणि ख्रिस्ताचे नाव लपवून जे केले जाते तो संवाद नव्हे, ते नुसते गोड बोलणे झाले. जेम्स वूयेने ख्रिस्ताला लपवले नाही. त्याने आपला द्वेष टाकला. वधस्तंभाची साक्ष ह्याहून मोठी कोणती?

तेव्हा आपल्या मंडळ्यांनी काय करावे? चार गोष्टी आम्ही नम्रपणे सुचवतो.

पहिली शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी. मुलांना आपले शास्त्र नीट शिकवा. ज्या तरुणाला डोंगरावरील प्रवचन ठाऊक नाही, त्रैक्य म्हणजे काय हे ज्याने कधी विचारले नाही, तो मित्राच्या साध्या प्रश्नाने गोंधळतो आणि मग एक तर चिडतो, नाही तर गप्प होतो. बालयेशू गुरुजनांत बसू शकला, कारण नासरेथात त्याला शास्त्र शिकवलेले होते. आणि वर्गात मुलांना प्रश्न विचारू द्या. घरातल्या प्रश्नाला ज्याने रागावून उत्तर ऐकले, तो बाहेरच्या प्रश्नाला रागावूनच उत्तर देईल.

दुसरी नवव्या आज्ञेची. अन्य धर्माविषयी वर्गात किंवा व्यासपीठावर बोलण्यापूर्वी स्वतःस विचारा : हे माझ्या हिंदू वा मुसलमान शेजाऱ्यासमोर मी असेच बोलेन काय? त्याने ऐकले तर, होय, आम्ही हेच मानतो, असे तो म्हणेल काय? मोबाइलवर आलेला मजकूर पुढे धाडण्यापूर्वी तरुणांनी हाच प्रश्न विचारावा. पूर्वी खोटी साक्ष द्यायला न्यायसभेत उभे राहावे लागे; आता अंगठ्याच्या एका दाबाने ती शंभर घरी जाते.

तिसरी सेवेची. नाताळात आपण शेजाऱ्यांकडे करंज्या पाठवतो, दिवाळीत त्यांचा फराळ आपल्याकडे येतो, ईदेला शिरखुर्मा येतो. ही देवाणघेवाण आपल्या वडिलांनी राखली. ती मोडू देऊ नका. पण ताटावरच थांबू नका. २०१९ च्या ऑगस्टात सांगली, कोल्हापूर, बेळगाव भागांत महापूर आला तेव्हा पाणी घरात शिरताना कोणाचा धर्म विचारत नव्हते. अशा वेळी तरुण संघाने एकट्याने काम न करता शेजारच्या तरुण मंडळाला, मशिदीतल्या तरुणांना, गुरुद्वारातल्या लंगरवाल्यांना बरोबर घ्यावे. काम आटोपल्यावर चहाला बसावे आणि, तुम्ही हे का करता, असे एकमेकांस विचारावे. त्या चहावर जो संवाद होईल तो मोठमोठ्या परिषदांत होत नाही.

चौथी सर्वांत अवघड. मित्राच्या धर्माची टवाळी चालली असताना गप्प बसू नका. ती टवाळी आपल्याच लोकांत, आपल्याच घरी चालली असेल तर मुळीच गप्प बसू नका. आपण ख्रिस्ती लोक संख्येने थोडे आहोत. आपल्यावर प्रसंग आला म्हणजे कोणी तरी आपल्या बाजूने बोलावे असे आपल्याला वाटते. लोकांनी आपल्याशी जसे वागावे अशी आपली इच्छा असेल तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हा प्रभूचा नियम येथे कसाला लागतो. ईबू पटेलच्या यहूदी मित्राला चर्चासत्र नको होते. एक मित्र उभा राहावा एवढेच त्याला हवे होते.

शेवटी पुन्हा लूककडे वळू. मंदिरातला प्रसंग तेथेच संपत नाही. तो मुलगा आईबापांबरोबर खाली नासरेथास गेला, त्यांच्या आज्ञेत राहिला आणि ज्ञानाने, शरीराने व देवाच्या आणि माणसांच्या कृपेत वाढत गेला. देवाच्या कृपेबरोबर माणसांची कृपाही लूक लिहितो. आपली मुले दोहोंत वाढावीत अशी आपली प्रार्थना आहे. मरीयेने हे सर्व आपल्या अंतःकरणात जतन करून ठेवले. तिला त्या दिवशी सगळे समजले नव्हते, तरी तिने मुलावर अविश्वास दाखवला नाही. आपणही आपल्या तरुणांवर तेवढा विश्वास ठेवू या, आणि त्यांच्यासाठी गुडघे टेकू या.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, तुझा पुत्र गुरुजनांमध्ये बसला, विहिरीवर परक्या स्त्रीपाशी पाणी मागता झाला आणि वधस्तंभावर आपल्या वैऱ्यांसाठी प्रार्थना करता झाला. आमच्या तरुणांस त्याचे कान दे, म्हणजे ते आधी ऐकतील. त्याची जीभ दे, म्हणजे ते सौम्यतेने सत्य बोलतील. आणि त्याचे धैर्य दे, म्हणजे मित्राचा अपमान होताना ते मान खाली घालणार नाहीत. दूरदेशी द्वेषाच्या आगीत राहून शांती पेरणाऱ्या तुझ्या लेकरांस बळ दे. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.